साच्याची निवड

नवा उद्योग उभारताना भांडवलाची व माणसांची चिंता सारेच करतात; काम कोणत्या साच्यात घालावयाचे, याचा विचार मात्र पुष्कळदा मागे राहतो. आज संगणकावर व्यवसाय मांडू पाहणाऱ्या तरुणापुढेही हाच प्रश्न असतो. वेबस्थळ बांधण्याच्या तयार चौकटी पुष्कळ. त्यांतील कोणती घ्यावी? दोनशे वर्षांपूर्वी तंजावरास हा प्रश्न मराठी अक्षरांच्या बाबतीत उभा राहिला होता.

सरफोजी राजांच्या राज्यात मराठी तीन रीतींनी वावरत होती. दफ्तर मोडीत चाले. कारण लेखणी न उचलता ती झरझर लिहिता येई. भोसले घराण्याचा इतिहास 1803 साली बृहदीश्वराच्या मंदिरात दगडावर कोरविला गेला. कारण तो टिकावयाचा होता, बदलावयाचा नव्हता. आणि 1805 च्या सुमारास राजांनी छापखाना काढला. तेथे देवनागरी खिळे जुळवून पुढील वर्षी ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या गोष्टींचे भाषांतर छापण्यात आले. पुस्तक मुलांच्या हाती द्यावयाचे, तर प्रती पुष्कळ हव्यात. शिवाय एका पानाचे खिळे सोडवून दुसऱ्या पानास लावता आले पाहिजेत. त्याच सुमारास मिरजेस भगवद्गीता छापली गेली, ती कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून. पत्रा सुबक खरा, पण तो एकाच पानाचा. खिळा मात्र कोणत्याही पानाचा.

संगणकाची चौकट म्हणजे असे तयार खिळेच होत. ‘जँगो’ ही प्रसिद्ध चौकट अमेरिकेत कॅन्सस संस्थानातील एका दैनिकाच्या कचेरीत घडली आणि 2005 साली सर्वांस खुली झाली. बातमीदारीचे काम तासांच्या हिशेबाने चाले. म्हणून वारंवार लागणारे भाग तेथे एकदाच घडवून ठेवले गेले. ज्याचे काम त्या जातीचे, त्याला ती सोयीची. एखाद्याला चार स्थिर पानेच मांडावयाची असतील, तर एवढा पसारा कशाला? त्याला शिलालेखच पुरे.

तथापि साचा अचूक निवडला म्हणजे सारे साधले, असे नव्हे. तंजावरचा छापखाना मोजकीच पुस्तके देऊन थांबला. भोवतालचा मुलूख तमिळ. खिळे ओतणारे, जुळविणारे व पुस्तके विकत घेणारे यांचा मराठी मेळा तेथे जमला नाही. तो जमला मुंबईस. तेथे जावजी दादाजींनी 1864 साली अक्षरे ओतण्याचा कारखाना काढला, आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना उभा केला.

म्हणून चौकट निवडणाराने तिची नवलाई मागाहून पाहावी. आपले काम दगडाचे की खिळ्यांचे, हे आधी ठरवावे; आणि एखादा खिळा मोडला, तर तो पुन्हा ओतून देणारा कारागीर जवळपास आहे ना, याची खात्री करून घ्यावी.