मूळ अंक आणि आपली खूण



सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला जो अंक असतो, त्याविषयी आज मला थोडे बोलावयाचे आहे. विषय यंत्रतंत्राचा वाटेल. परंतु त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, गोदाकाठी पैठणास घडलेले आहे.

ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरली गेली, आणि उतरणारांच्या हातून पाठ पालटत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथमहाराजांनी तिचा पाठ शुद्ध केला. ग्रंथाच्या शेवटचा मूळ शक त्यांनी तसाच राहू दिला, आणि त्यापुढे आपल्या शुद्धीचा शक वेगळा नोंदविला. मूळ केव्हाचे आणि दुरुस्ती केव्हाची, हे आजही वाचणाराला कळते.

आता संगणकाकडे वळू. कोणतेही मोठे सॉफ्टवेअर एकहाती लिहिलेले नसते. तारखा मोजणारे, चित्रे उलगडणारे, नोंदी ठेवणारे असे अनेक तयार भाग इतरांकडून घेतलेले असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. प्रत्येकीला आपला अंक असतो, जसे २.१४.१. प्रचलित संकेत असा की, पहिला आकडा बदलला तर जुनी जोडणी मोडण्याचा संभव; दुसरा बदलला तर नवी सोय आली; तिसरा बदलला तर केवळ चूक सुधारली. म्हणजे अंक हे एक वचनच होय.

मग परक्याची लायब्ररी आपल्या प्रकल्पात बांधताना तिला अंक कोणता द्यावा? कोणी सगळ्यांवर प्रकल्पाचाच अंक मारतात. हे सोपे खरे. पण मग आत काही न बदलताही अंक वाढतो आणि वचनाला अर्थ उरत नाही. कोणी लायब्ररीत स्वतः दुरुस्ती करून अंक जुनाच ठेवतात. हे त्याहून वाईट. एकाच अंकाच्या दोन निरनिराळ्या वस्तू जगात फिरू लागतात. डेबियन या मुक्त प्रणालीचे लोक मात्र नाथांच्याच रीतीने जातात : मूळ अंक जसाच्या तसा, पुढे आडवी रेघ, आणि मग आपल्या बांधणीचा अंक, जसे २.१४.१-३.

हा नुसत्या टापटिपीचा प्रश्न नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत असे भगदाड उघड झाले की, दूर बसलेल्या चोराला परक्या यंत्रावर आपली आज्ञा चालविता येई. २.१५.० ही आवृत्ती आली; ती अपुरी ठरून काही दिवसांतच २.१६.० काढावी लागली. औषध हाती होते, परंतु ही लायब्ररी आपल्या कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आणि कोणत्या अंकाची आहे, हेच कित्येक संस्थांना ठाऊक नव्हते. मोठ्या गाठोड्यात धाकटीचे नाव हरवले होते.

भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०२४ साली अशा भागांची यादी ठेवण्याविषयी मार्गदर्शिका काढली आहे. यादीत प्रत्येक भागाचे नाव आणि आवृत्ती लिहावयाची असते. पण यादी खरी ठरावयाची तर तिच्यातले अंक आधी खरे हवेत.

आपल्या शहरातील जे तरुण या व्यवसायात आहेत, त्यांना माझे सांगणे एवढेच : दुसऱ्याचे काम हाती घ्याल तेव्हा त्याचा अंक पुसू नका, आणि आपला हात लागला असेल तर आपली खूण लपवू नका. बँकेतला पैसा आणि इस्पितळातली नोंद पुष्कळदा या दोन अंकांच्या भरवशावर असते.