गाव वाढताना आपले कर्तव्य



आपल्या कडेगावचे रूप पालटत आहे. ताकारी व टेंभू योजनांनी कृष्णेचे पाणी या दुष्काळी भागात आणले. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. गाव वाढणारच, ते कसे वाढावे, हा खरा प्रश्न आहे.

मोहरममधील आपले उंच ताबूत डोळ्यांपुढे आणा. हिंदू-मुसलमान मिळून ते भेटीला नेतात. त्यांना रुंद रस्ता व मोकळे आकाश लागते. हाच रस्ता आगीच्या बंबाला, आजाऱ्याच्या गाडीला आणि शाळेच्या मुलांनाही लागतो. एकेक पायरी पुढे सरकत गेली, तर तो उरेल काय?

त्यावर कायद्यात उपाय आहे. १९६६ च्या नगररचना अधिनियमाप्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मुंबईत २०१५ च्या फेब्रुवारीत असा मसुदा निघाला. हजारो हरकती आल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्त करण्याचा आदेश दिला. २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला. तेथील रहिवाशांचे मोठे हत्यार होते साधा अर्ज.

म्हणून आपल्याकडे मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा नकाशा मागून पाहा. आपली गल्ली, ओढा, विहीर, मैदान, कबरस्तान त्यात नीट दाखवले आहे का, ते तपासा. चूक असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोहोच घ्या. ज्याला लिहिता येत नाही, त्याचा अर्ज शिकलेल्या मुलामुलींनी लिहून द्यावा. शिक्षण केवळ नोकरीसाठी नसते. शेजाऱ्याच्या उपयोगी पडले तरच ते सार्थकी लागले.