ज्याची त्याची रसद

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी आणि पालक यांची सहल पानिपतला गेली होती. मकरसंक्रांतीच्या दिवशी काला अंब येथील स्मारकास अभिवादन केल्यानंतर शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने, ज्या पुढे शाळेतच जीवशास्त्राच्या शिक्षिका होत्या, केलेल्या भाषणाचा हा पाठ.)



या विटांच्या स्तंभासमोर उभे राहून आहाराविषयी बोलावे, याचा प्रथम मलाच संकोच वाटला. ज्या मातीवर १४ जानेवारी १७६१ रोजी आपली माणसे पडली, तेथे भाकरी आणि भाताच्या गोष्टी कशा कराव्या? परंतु इतिहासाच्या तासाला गुरुजींनी सांगितलेले एक वाक्य आठवले आणि संकोच गेला. ते म्हणत, पानिपतची लढाई एका दिवसात झाली खरी, पण ती हरली गेली त्याआधीच्या अडीच महिन्यांत. ऑक्टोबर १७६०च्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीशी असलेला मार्ग तोडला. डिसेंबरमध्ये रसदेची भिस्त ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत धान्य उरले नाही, जनावरांना चारा उरला नाही. अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे ठरवून ते सैन्य पहाटे बाहेर पडले. रसद तुटली म्हणजे काय होते, हे या भूमीइतके कोणाला ठाऊक असणार?

आज मला त्याच रसदेविषयी, पण प्रत्येकाच्या शरीरातील रसदेविषयी बोलायचे आहे. आयोजकांनी विषय दिला आहे ‘मधुमेह आणि कमी कर्बोदकांचा आहार’. शाळेने साठी गाठली, तशी आपल्यापैकी पुष्कळांनीही गाठली आहे. मघाशी तिळगूळ वाटताना मी पाहिले. कित्येक हात पुढे आले आणि वाटेतच थबकले. त्या थबकलेल्या हातांशीच मला बोलायचे आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच पाहणीतून पुढे असेही दिसले, की आपल्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. भात, पोळी, भाकरी, पोहे, साबुदाणा, बटाटा, साखर. आपले ताट पांढऱ्या आणि पिवळ्या रंगांनी भरलेले असते. उपवासाच्या दिवशी तर विचारूच नका. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण विनोदाने म्हटली जाते, पण साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आणि ज्वारीची भाकरी मधुमेहाला चालते म्हणून चार खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की शंभर ग्रॅम ज्वारीतही सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. ज्वारीत गुण आहेत, पण हिशेबातून तिला सूट नाही.

हे आपल्या पूर्वजांना अगदीच अज्ञात होते असे नाही. चरकाने प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ एका ओळीत बसवले, आणि पथ्यात जवाला मान दिला. सुश्रुताने निर्धन रुग्णाला शंभर योजने चालायला आणि विहिरी खणायला सांगितले. शिवाय रोग जन्मजात असणारा कृश रुग्ण आणि अपथ्यामुळे रोग ओढवलेला स्थूल रुग्ण असा भेदही त्याने केला. सर्वांना एकच काढा, असे तेव्हाही नव्हते.

आता माझी गोष्ट सांगते. निवृत्तीच्या वर्षी केलेल्या तपासणीत मला टाइप टू मधुमेह असल्याचे कळले. मी जीवशास्त्राची शिक्षिका. प्रयोग करणे हा स्वभावच. एक वही घेतली, ग्लुकोमीटर घेतले. जेवणापूर्वी आणि जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचायचे आणि आकडा लिहायचा. पोह्यांच्या एका बशीनंतर आकडा २१८. पिठले, मेथीची भाजी आणि अर्धी भाकरी खाल्ली तर १४६. कोणत्याही पुस्तकापेक्षा या वहीने मला अधिक शिकवले. मी भात बंद केला, पोळ्या तीनांवरून एकीवर आणल्या, ताटात उसळ, अंडी, पनीर, भाज्या आणि ताक वाढवले. आठ महिन्यांत नऊ किलो वजन उतरले आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली.

यशाने माणूस शहाणा होतोच असे नाही, बहुधा तो प्रचारक होतो. माझा थोरला भाऊ याच शाळेचा विद्यार्थी. आज तो येथे तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि त्याच्या संमतीनेच हे सांगते. त्याला मधुमेह होऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती. मी माझी वही त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “दादा, उद्यापासून भात-पोळी बंद. मी करते तसेच कर.” धाकट्या बहिणीचा शब्द त्याने मोडला नाही. पण तो घेत असलेली ग्लिमेपिराइडची गोळी मी विचारात घेतली नाही, आणि त्याने ती नेहमीच्याच मात्रेत चालू ठेवली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते. पोटात कर्बोदके आहेत की नाहीत, हे ती पाहत नाही.

चौथ्या रात्री वहिनींचा फोन आला. दादा घामाने भिजला होता, हात थरथरत होते, तो वहिनींनाच ओळखत नव्हता. साखर मोजली, ती ४८. सत्तरच्या खाली गेली की धोका, हे मी वर्गात शिकवलेले. सुदैवाने त्याला गिळता येत होते. वहिनींनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, पुन्हा पाजली. या गोळीचा परिणाम अनेक तास टिकत असल्यामुळे त्याला रात्रभर रुग्णालयात ठेवावे लागले. ज्या साखरेला मी चार दिवस शत्रू म्हणत होते, तिनेच त्या रात्री माझा भाऊ मला परत दिला.

रुग्णालयाच्या बाकावर बसून मला हीच पानिपतची भूमी आठवत होती. फौज रणात तशीच उभी ठेवून मी तिची रसद तोडली होती.

मग माझे चुकले कोठे? कर्बोदके कमी करणे हे चूक नव्हते. चूक होती ती माझे ताट दुसऱ्याच्या पुढे जसेच्या तसे ठेवण्याची. या एका गोष्टीमागे विज्ञानही उभे आहे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा एकच सांगत होता, शरीरे वेगळे सांगत होती. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिकांनी जो अभ्यास केला, त्यात दिसले की आपली बाळे जन्मतः लहान असतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगावर चरबी अधिक असते. म्हणून ‘मी तर बारीक आहे, मला कशाला मधुमेह होईल’ या वाक्यावर आपण विसंबू नये.

ब्रिटनमध्ये डॉ. रॉय टेलर आणि डॉ. माइक लीन यांनी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. काही महिने दिवसाला सुमारे साडेआठशे उष्मांकांचा आहार दिल्यावर वर्षअखेरीस ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात आला. पंधरा किलो वा अधिक वजन ज्यांनी घटवले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. मात्र त्या प्रयोगात घेतलेले सारे रुग्ण सहा वर्षांच्या आतल्या मधुमेहाचे होते आणि कोणीही इन्सुलिनवर नव्हते. माझा मधुमेह कोवळा होता, दादाचा चौदा वर्षे मुरलेला. स्वादुपिंडाची उरलेली शक्ती दोघांची सारखी असणे शक्यच नव्हते. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली ८०० लोकांची साखर आठवडाभर सतत मोजली, तेव्हा तेच अन्न खाऊनही एकाची साखर चढते आणि दुसऱ्याची फारशी हलत नाही, असे आढळले.

आपल्याकडे महाराष्ट्रात या विषयावर घराघरांत दोन पक्ष पडलेले आपण पाहतो. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा मार्ग लोकप्रिय केला. ऋजुता दिवेकर यांनी आजीच्या स्वयंपाकघरातले स्थानिक अन्न थोडे थोडे, वेळेवर खाण्याचा आग्रह धरला. लग्नाच्या पंगतीतही यावरून वाद रंगतात. मला त्यात पंच व्हायचे नाही. दोन्ही मार्गांनी बरे वाटलेली माणसे मला भेटली आहेत, आणि दोन्ही मार्ग न मानवलेलीही. मार्ग कोणाचा यापेक्षा तो कोणाच्या पायांना झेपतो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

दादाचे पुढे काय झाले, ते सांगते. डॉक्टरांनी आधी त्याची गोळी बदलली, मात्रा कमी केली, आणि मगच ताटाला हात घातला. भात गेला नाही, मुठीएवढा राहिला. दोन्ही वेळा एकेक भाकरी, वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, भरपूर पालेभाजी, आणि जेवणानंतर वीस मिनिटे चालणे. त्याची वहीही निराळी निघाली. मला न चालणारे पोहे शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी घातली की त्याला चालतात, आणि मला पचणारे रताळे त्याची साखर उंच नेते. त्याची गोळी सुटलेली नाही, बहुधा सुटणारही नाही. पण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी नऊवरून सातवर आली आहे, आणि त्या रात्रीसारखी रात्र पुन्हा आलेली नाही. माझ्या मते हे माझ्यापेक्षा मोठे यश आहे.

म्हणून माझे सांगणे थोडे आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिल्याशिवाय कर्बोदके एकदम तोडू नका. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या चालू असताना तर अशा आहाराने रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकते, आणि तेव्हा साखर फार वाढलेली दिसेलच असे नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने किती वाढवायची, हेही विचारून घ्या. गरोदर लेकीसुनांवर असले प्रयोग करू नका. हे सांभाळले, की मग आपली वही आपण उघडा. सगळे एकदम बदलू नका. एका वेळी एक पदार्थ, आणि दोन तासांनी एक आकडा.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. पथ्याचे ताट कोण वाढते, हेही पाहा. एका घरात दोन स्वयंपाक करण्याचे ओझे बहुधा एकाच बाईवर पडते, आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून शेवटी तीच खाते. तिची साखर मोजायला कोणाला सवड नसते. त्यापेक्षा घरातल्या सर्वांच्याच ताटात उसळ आणि भाजी वाढवली, भात-पोळी थोडी घटवली, तर वेगळे पथ्य असे उरतच नाही. मुलांच्या डब्यातही बिस्किटांऐवजी उकडलेले अंडे, चणे, शेंगदाणे जाऊ द्या. आणि खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नका, असे मी आजी मुख्याध्यापकांसमोर माजी शिक्षिकेच्या अधिकाराने म्हणते.

या मैदानावर आपण दरवर्षी येतो ते हरलेल्यांना दोष द्यायला नव्हे. ती माणसे उपाशीपोटी लढली. आपल्या वाट्याला उलटे संकट आले आहे. आपली रसद तुटलेली नाही, ती वाहून चालली आहे. पण दोन्हीकडे शहाणपण एकच लागते. आपल्यापाशी काय आहे आणि आपल्याला किती पेलते, हे लढाईला उभे राहण्यापूर्वी मोजावे.

आता पुन्हा तिळगुळाकडे येते. माझ्या हातातली ही वडी लहान आहे. अदमासे आठ-दहा ग्रॅम गूळ असेल. मघाशी दादाने अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि अर्धी आपण खाल्ली. जेवणातली अर्धी भाकरी त्याने आधीच कमी केली होती, हे मी पाहिले आहे. थबकलेल्या हातांनो, ज्यांना ही वडी चालत नाही त्यांनी नुसते तीळ घ्या, ज्यांना अर्धी चालते त्यांनी अर्धी घ्या. गोड बोलायला मात्र कोणत्याही डॉक्टरांची मनाई नाही.