शुक्रजंतूंचा अभाव आणि शस्त्रक्रियेचा मार्ग

(रामाकोना येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



विवाहानंतर काही वर्षे पाळणा हलला नाही, की आपल्याकडे प्रथम सुनेकडे बोट दाखविले जाते. नवस, उपासतापास, नागपूरच्या फेऱ्या हे सारे तिच्याच वाट्यास येते. प्रसंगी मुलाच्या दुसऱ्या विवाहाची बोलणीही सुरू होतात. वस्तुतः वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील दोषाचाही वाटा असतो. म्हणून वर्षभरात गर्भधारणा न झाल्यास पती-पत्नी दोघांनीही एकाच वेळी तपासणी करून घ्यावी, हे माझे मुख्य सांगणे आहे.

पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे वीर्यतपासणी. तीत कोणतीही चिरफाड नसते. शंभर पुरुषांपैकी सुमारे एकाच्या वीर्यात शुक्रजंतू मुळीच आढळत नाहीत. मात्र हा निष्कर्ष एकाच अहवालावरून काढू नये. नमुना पुन्हा घेऊन, यंत्रात वेगाने फिरवून, तळाचा गाळही तपासावा लागतो. शुक्रजंतू नसणे म्हणजे पुरुषत्व नसणे नव्हे. वीर्याचा बहुतेक द्रव इतर ग्रंथींत तयार होतो. त्यामुळे वैवाहिक जीवन सुरळीत असूनही हा दोष असू शकतो.

या अभावाचे दोन प्रकार आहेत. आपल्या संत्र्याच्या बागेचेच उदाहरण घेऊ. झाडांना पाणी पोचत नसेल, तर एक तर विहिरीत पाणी असून नळ तुंबलेला असतो, अथवा विहिरीलाच पाणी नसते. पहिल्या प्रकारात वृषणांत शुक्रजंतू तयार होतात, परंतु वाट बंद असते. नसबंदी झालेल्या पुरुषाची स्थिती अशीच असते. त्याची नस पुन्हा जोडण्याचाही विचार करता येतो. दुसऱ्या प्रकारात निर्मितीच मंदावलेली किंवा थांबलेली असते. तारुण्यात गालगुंडामुळे वृषणांस आलेली सूज, न उतरलेले वृषण, गुणसूत्रांतील दोष ही त्याची काही कारणे होत. शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनीही निर्मिती थांबू शकते.

वाट बंद असल्यास वृषणालगतच्या गुंडाळीदार नळीतून बारीक सुईने शुक्रजंतू काढतात. यास ‘पेसा’ म्हणतात. वृषणातूनच सुईने काढल्यास ‘टेसा’. अशा रुग्णांत शुक्रजंतू बहुधा मिळतात. निर्मितीच कमी असेल, तर शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातील निवडक सूक्ष्म भाग काढून त्यांत शोध घ्यावा लागतो. ही ‘मायक्रो-टेसे’ शस्त्रक्रिया होय. तीतही सुमारे निम्म्या रुग्णांतच यश येते. म्हणून संप्रेरकांची व गुणसूत्रांची तपासणी आधी करावी. काही दोषांत शुक्रजंतू मिळण्याची आशा जवळजवळ नसते, तर काही दोष मुलाकडे जाऊ शकतात.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी परीक्षानळी बालिकेचा जन्म झाला. परंतु त्या पद्धतीत एका स्त्रीबीजाभोवती हजारो शुक्रजंतू सोडावे लागत. १९९२ साली ब्रुसेल्स येथील शास्त्रज्ञांनी एकच शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडविल्याचे प्रसिद्ध केले. या ‘इक्सी’ पद्धतीमुळेच शस्त्रक्रियेने मिळालेले थोडे शुक्रजंतूही उपयोगी पडू लागले.

येथे एक गोष्ट विसरू नये. दोष पतीचा असला, तरी इंजेक्शने घेणे व स्त्रीबीजे काढून घेणे हे कष्ट पत्नीलाच सोसावे लागतात. शुक्रजंतू मिळाले म्हणजे अपत्य निश्चित झाले, असेही नाही. तेव्हा शेत गहाण टाकण्यापूर्वी निदान काय, यशाची शक्यता किती आणि एकूण खर्च किती, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ अन्वये अशा केंद्राची नोंदणी व लेखी संमती अनिवार्य आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहण्यात संकोच करू नये. दात्याचे शुक्रजंतू वापरणे हा निराळा मार्ग आहे. तो दोघांच्या संमतीनेच स्वीकारावा. कायदेशीर दत्तकविधानही तितकाच सन्मानाचा मार्ग आहे.

शिक्षक व आरोग्य कर्मचाऱ्यांना विनंती, की आपल्या परिचयातील अशा कुटुंबात प्रथम मुलाला वीर्यतपासणीचा सल्ला द्यावा आणि अहवालाची गुप्तता पाळावी. त्या एका अहवालाने एखाद्या निरपराध सुनेचा संसार मोडता मोडता वाचू शकेल.