कोणाच्या खोबणीचे माप?



परिषदेच्या अध्यक्षाने भाषणात शास्त्राच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. आज मी तो मोडणार आहे. मला फक्त डोळ्याच्या खोबणीच्या मापाविषयी बोलायचे आहे.

प्रौढ माणसाची खोबण साधारण ३० मिलिलिटरची असते आणि त्यात डोळा जेमतेम ७ मिलिलिटर जागा घेतो. बाकी चरबी, स्नायू, नसा. ठोसा किंवा चेंडू बसला की तळ किंवा आतली भिंत फुटते, चरबी शेजारच्या पोकळीत उतरते आणि डोळा आत जातो. १९५७ साली स्मिथ आणि रीगन यांनी या इजेला ‘ब्लो-आउट’ हे नाव दिले. आपला ढोबळ हिशेब असा, की खोबण एक मिलिलिटरने वाढली तर डोळा जवळजवळ एक मिलिमीटर मागे सरकतो आणि दोन मिलिमीटर सरकला की घरच्यांच्याही लक्षात येते. म्हणजे आपल्या चुकीला मुभा आहे ती दोन मिलिलिटरची.

खोबणीचा तळ पुढे खोलगट असतो, डोळ्याच्या मागे वर चढतो आणि आतल्या भिंतीला मिळतो तिथे फुगतो. डोळा पुढे राहतो तो बराचसा या मागच्या फुगवट्यामुळे. भोक बुजले पण फुगवटा परत आला नाही, तर सीटी स्कॅन नीटनेटका दिसतो आणि डोळा मात्र आतच राहतो. असे स्कॅन आपण सर्वांनीच पाहिले आहेत. परिषदेत दाखवत नाही, इतकेच. फ्रायबुर्गच्या शल्यचिकित्सकांनी स्कॅनवरून खोबणींचे पृष्ठभाग मोजले आणि भोकावर बसवायची टायटॅनियमची जाळी आधीच वाकवून तयार ठेवण्याची वाट दाखवली. मोठीच सोय झाली. पण कारखान्यातून वाकून आलेली जाळी कुणाची तरी सरासरी घेऊन येते. गावातल्या सगळ्या पायांची सरासरी काढून एकाच मापाची चप्पल विकणारा दुकानदार आठवडाभरही टिकणार नाही. तो मापे किती आणि कुठे बदलतात ते पाहतो.

आकाराचा सांख्यिकीय आराखडा नेमके हेच करतो. प्रत्येक खोबणीवर एकमेकींशी जुळणारे शेकडो बिंदू ठेवायचे, डोके कुठे आणि कसे वळले होते तो फरक काढून टाकायचा, मग उरलेला फरक कोणत्या दिशांनी पसरतो ते शोधायचे. पहिली दिशा बहुधा आकारमानाची निघते आणि तिच्यात फारसे नवल नाही. कसोटी लागते पुढच्या दिशांची: उंची-रुंदीचे प्रमाण, तळाचा चढ, फुगवट्याची ठेवण. जाळ्यांचे चार-पाच मापांचे संच बनवायचे असतील तर ते याच दिशांवर बेतायला हवेत. नुसते ‘लहान, मध्यम, मोठे’ करून भागणार नाही.

या गणिताचा एक धागा आपल्या नागपुरात आहे. १९२० साली तिथे सायन्स काँग्रेस भरली असताना प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण करायला सांगितले. त्या वाटेने पुढे १९३६ साली ‘महालनोबिस अंतर’ आले. एखादी खोबण सरासरीपासून किती दूर आहे, हे पसाऱ्याचा हिशेब धरून सांगायला आजचे आराखडे तेच अंतर वापरतात.

दुसरा धागा पुण्याचा, आणि मला अधिक जवळचा. फुटलेल्या बाजूच्या शस्त्रक्रियेची आखणी करताना आपण शाबूत बाजू संगणकावर उलटी करून बसवतो. दोन्ही बाजू सारख्या, हे गृहीतच असते. पुण्याच्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली ती कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेवर. ही असमानता वंशावर ठरते, असे गुरूंना अपेक्षित होते. बाईंची मापे तसे सांगेनात, आणि त्यांनी ते तसेच लिहिले. कवट्या मोजण्याचे शास्त्र माणसांच्या उतरंडी लावण्यासाठी किती राबवले गेले, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ‘भारतीय खोबण’ असे लेबल लावलेली प्लेट कोणी विकायला आला, तर मी आधी विचारीन की हे स्कॅन कुठले, किती स्त्रियांचे, किती वयाचे, आणि त्यांच्या आपसातला फरक किती?

आपली मापे हवीत, याबद्दल दुमत नाही. पण मोजताना एक खोच आहे. आतली भिंत कागदासारखी पातळ असते आणि जाड कापांच्या स्कॅनमध्ये ती हाड असूनही भोकासारखी दिसते. संगणक ते भोक अंदाजाने बुजवतो. जिथे हाड सहज फुटते, तिथेच आपले माप सर्वांत कच्चे. तेव्हा एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक काप, आणि तेच बिंदू तपासणाऱ्याकडून दुसऱ्यांदा लावून घेणे, एवढी शिस्त नसेल तर मोठा आकडा जमवण्यात अर्थ नाही.

प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र प्लेट हा उत्तम उपाय आहे, पण जिल्हा रुग्णालयात मोटारसायकलवरून पडून आलेल्या मुलाला ती परवडत नाही. त्याच्या वाट्याला येते कपाटातली जाळी. म्हणून माझे मागणे साधे आहे. इतर कारणांनी काढलेले, खोबणी शाबूत असलेले स्कॅन आपल्या संगणकांत पडून आहेत. रुग्णाची संमती घेऊन, नाव काढून, वय-लिंग-जिल्हा ठेवून ते एकत्र करूया. शस्त्रक्रियेनंतरचा स्कॅनही त्यात घालूया, डोळा आत राहिलेलासुद्धा. संमतीपत्राचा मराठी मसुदा चिटणिसांकडे दिला आहे. दुपारच्या सत्राआधी त्यावर सूचना लिहून द्याव्यात.