बॅकअप घेतला, पण उघडून पाहिला?

‘बॅकअप आहे’ या वाक्यावर किती विसंबावे? ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याने डेटाबेस पुसण्याची आज्ञा चुकून भलत्याच सर्व्हरवर दिली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. बॅकअप शोधला, तर तो नीट होतच नव्हता. तसे कळवणाऱ्या ई-मेलही पोचत नव्हत्या. त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी चाचणीसाठी काढलेली प्रत अखेर कामी आली. मधल्या तासांच्या नोंदी मात्र गेल्याच. कंपनीने हे सारे उघडपणे सांगितले, हे विशेष. तेव्हा कार्यालयातले हिशेब असोत वा घरचे फोटो, प्रत अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उतरवून, उघडून पाहावी. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसता भरवसा!