गाणी गेली नाहीत बाबा, वही चुकली आहे

आजचा भाग लिनक्सवरच्या म्युझिक प्लेअरबद्दल आहे. तुमच्यातले अर्धे म्हणतील, डेस्कटॉपवर गाणी कोण ऐकतं आता? माझे बाबा ऐकतात. मिरजेला, आमच्या जुन्या लॅपटॉपवर. त्यावर मी उबुंटू टाकून दिलंय आणि त्यातलं रिदमबॉक्स ते रोज सकाळी लावतात. एका एक्सटर्नल हार्ड डिस्कवर सगळा साठा आहे, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, ढीगभर नाट्यसंगीत. प्रत्येक गाण्याला चार वर्षं बसून त्यांनी स्टार दिलेत. आणि ‘आई’ नावाच्या फोल्डरमध्ये दोन फाइल्स आहेत. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, कॅसेटवरून काढलेल्या. त्या काही कुठल्या स्ट्रीमिंग ॲपवर मिळणार नाहीत.

गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला. “अगं, सगळं गेलं. आईचा आवाज पण गेला.”

आदल्या रात्री लाइट गेली होती, लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे मशीन धाडकन बंद. सकाळी रिदमबॉक्स उघडलं तर यादी रिकामी.

मी म्हटलं, “बाबा, तुम्ही आधी काही म्हणजे काही डिलीट करू नका. फाइल्सचं ॲप उघडा, डिस्कवर जा. फोल्डर दिसतंय?”

“दिसतंय की. त्यात आईचं पण आहे.”

हुश्श. हे नीट ऐका, कारण निम्मी घबराट इथेच संपते. प्लेअर गाणी स्वतःकडे ठेवत नाही. तो ठेवतो एक वही. रिदमबॉक्सची वही म्हणजे ‘रिदमडीबी डॉट एक्सएमएल’ नावाची फाइल. होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की लपलेले फोल्डर दिसतात. त्यात डॉट-लोकल, मग शेअर, मग रिदमबॉक्स. कुठलं गाणं कुठल्या पत्त्यावर आहे, किती वेळा वाजलं, किती स्टार, सगळं त्या वहीत. स्टार गाण्याच्या फाइलमध्ये लिहिले जात नाहीत! म्हणजे गाणी सुखरूप असली तरी वही गेली की चार वर्षांची मेहनत गेली.

मग बाबा हळूच म्हणाले, “मी ते इम्पोर्ट पण करून बघितलं. गाणी आली, पण स्टार एकही नाही.”

इथे माझी ट्यूब पेटली. प्लेअरला गाणी ‘नवीन’ वाटत होती, म्हणजे पत्ता बदलला होता. व्हिडिओ कॉल लावला, बाबांना मीडिया फोल्डरच्या आत, त्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये न्यायला लावलं. तिथे दोन फोल्डर. एक ‘गाणी’, एक ‘गाणी१’. डिस्कचं नाव इंग्रजी अक्षरांत ‘गाणी’च ठेवलंय मी.

झालं होतं असं. डिस्क जोडली की उबुंटू तिथे तिच्या नावाचा फोल्डर बनवतो, काढली की पुसतो. मशीन अचानक बंद पडलं, फोल्डर पुसायचा राहिला. सकाळी सिस्टिमने बघितलं, हे नाव आधीच वापरात आहे, म्हणून पुढे १ लावून नवा बनवला. वहीत मात्र जुनाच पत्ता! बिऱ्हाड एका दाराने पुढे सरकलं आणि पोस्टमन जुन्याच दारावर थाप मारतोय.

मला आधी वाटलं, वहीतलेच पत्ते बदलून टाकू. बाबांकडून ती फाइल मागवून घेतली, उघडून ‘ओव्या’ शोधलं तर काही सापडेना. कारण पत्त्यात देवनागरी सरळ लिहिलेलं नसतं. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसकट तीन अक्षरं. ‘ओव्या’ हा एवढासा शब्द तिथे ४५ अक्षरांचा होतो! म्हटलं, वहीला हातच नको लावायला.

सोपा उपाय केला. रिदमबॉक्स बंद. वहीची एक कॉपी डेस्कटॉपवर. डिस्क इजेक्ट करून काढली. डिस्क हातात असूनही ‘गाणी’ फोल्डर तिथेच दिसत होता, हाच पुरावा. मग टर्मिनलमध्ये सुडो, आरएम-डिर आणि त्या फोल्डरचा पत्ता. बाबा घाबरले, “काढायचं म्हणजे उडेल ना सगळं?” नाही. आरएम-डिर फक्त रिकामा फोल्डर काढतं, आत काही असलं तर सरळ नकार देतं. त्याच्या जागी आरएम-आरएफ कुणी सुचवलं तर फोन ठेवून द्या.

डिस्क पुन्हा जोडली. जुना पत्ता परत मिळाला, रिदमबॉक्स उघडलं, स्टार जागेवर.

वाजवलं तर आवाज नाही! पट्टी पुढे सरकतेय, स्पीकर गप्प. हे उलट सोपं असतं. पट्टी सरकतेय म्हणजे प्लेअर ठीक आहे, आवाज दुसरीकडे चाललाय. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट एचडीएमआयवर गेलं होतं, बाबांनी टीव्ही जोडला होता म्हणे. पट्टीच सरकत नसेल तर मात्र कोडेकवर संशय घ्या, आणि टर्मिनलमधून रिदमबॉक्स, स्पेस, डॅश-डी असं चालवून तो काय कुरकुरतोय ते वाचा.

मग ओव्या लागल्या. आधी नुसती जात्याची घरघर, मग आजी. बाबा कॉलवर आहेत हे विसरूनच गेले बहुतेक. मीही काही बोलले नाही.

नंतर विचारलं, “बाबा, याची दुसरी कॉपी कुठे आहे?”

“दुसरी कशाला? ही आहे की.”

कॅसेट कधीच बुरशी लागून गेल्या आहेत. म्हणजे आजीचा आवाज जगात एकाच डिस्कवर होता, आणि मी, बीटेक झालेली मुलगी, चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी, तासाची कॅसेट ६०० एमबी. फ्लॅक केलं तर आवाजाचा कणही न गमावता बरीच कमी जागा. त्या रात्री बाबांनी दोन्ही फाइल्स पेन ड्राइव्हवर घेतल्या, माझ्याकडे अपलोड केल्या, आणि वहीची कॉपीही सोबत पाठवली. अपलोडला पावणेतीन तास लागले. आता त्या माझ्या फोनमध्येही आहेत.

पुढच्या भागात कॅसेटवरून रेकॉर्डिंग कसं करायचं ते बोलू, बऱ्याच जणांनी विचारलंय. भेटू!